बत्तीस मिलिमीटर

टिकली काढा, म्हणते मी. कानांतलंही. हसू नका.
मागे निळा पडदा, जमिनीवर चिकटपट्टीची दोन पावलं.
खारच्या या तिसऱ्या मजल्यावर उन्हाला आत घेत नाही आम्ही.
ऊन चुगलखोर,
सकाळी एक सांगतं, दुपारी भलतंच.

मंदाकिनी त्रिलोकेकर. एकसष्ट. केस एकशे चौदा.
डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर बत्तीस मिलिमीटर.
तिथं सुरी पोचत नाही,
म्हणून त्याच्यावरून बाकीचं सगळं मोजायचं:
भुवई किती चढली, जबड्याची कड किती आवळली.

डॉक्टर म्हणतात, पेशंटला विचारू नकोस,
पैसे मोजलेत, छानच म्हणणार.
मलाही विचारू नकोस, टाके माझेच.
परक्यांना विचार.

मग खालच्या उडप्याचा गल्ल्यावरचा शेट्टी,
लॅबमधली नवी पोरगी, कुरिअरवाला,
असे बारा जण.
फोटो पिसून दिले पत्त्यांसारखे,
आधीचा कुठला, नंतरचा कुठला, सांगितलं नाही.
वय किती वाटतं, एवढंच लिहा.

आधी: एकसष्ट पूर्णांक तीन.
नंतर: अठ्ठावन्न पूर्णांक सात.
फरक दोन पूर्णांक सहा वर्षं.
(वर्षाला दीड लाख पडले. हा हिशेब माझा, फॉर्मात नाही.)

बाईंनी कागद लांब धरून वाचला, चष्मा विसरल्या होत्या.
‘अडीचच?’ म्हणाल्या.
मग पर्सची चेन उघडत, लावत:
‘माहीमला माझी थोरली बहीण असते. हल्ली तिला कुणी आठवत नाही.
टाके निघाल्यावर गेले, तर मला बघून
ताडकन उठून उभी राहिली.
हात पाठीवर गेला, वेणी पुढे घ्यायला.
वेणी कुठली आता? बॉयकट केलाय आयाबाईंनी.
म्हणाली, आई, परवचा झाला माझा.

आमची आई बावन्नाव्या वर्षी गेली.
म्हणजे घ्या, नऊ वर्षं.
हिचं तेरावं मत लिहा ना.’

मी नियमावर बोट ठेवलं.
ओळखीच्या माणसाचं मत धरत नाही, बाई.

‘ओळखीच्या?’
त्या हसल्या, फोटोत मी कधीच हसू दिलं नव्हतं तसं,
डावा गाल उजव्यापेक्षा जरा जास्त,
आणि मोजपट्टी
टेबलावर माझ्या हाताशीच होती.