पांढरीची चव

हेमडग्याच्या पुढचा नाका उठून सहा वर्षं झाली.
बांबू आडवा टाकायची दोन खुंटं तेवढी राहिली,
आणि एक भिंत, दर निवडणुकीला चुना पिणारी.
तिच्यावर एकेकाळी काहीतरी लिहिलेलं होतं.
कुठल्या अक्षरांत, ते
पुटांवर पुटं चढून मिटलं.

फाल्गुनातली सकाळ. माझ्या पिशवीत
तांबड्या गोळ्या, पांढऱ्या गोळ्या, वजनकाटा
आणि कानडीत छापलेली वही,
जी मी मनातल्या मनात मराठीत वाचते.

भिंतीच्या बुडाशी पाला हलला.
वाटलं, घोरपड.
तर हरोळ्या. तीन. भुईवर.

आता हे कुणाला सांगायचं?
जन्मभर बांबू तोडलेला आमचा नागोमामा म्हणायचा,
हरोळी भुईला शिवत नाही,
तहानेनं जीव चालला तरी
पायात काडी धरून उतरते, मग पाणी पिते.
आणि इथं ह्या,
हळदीत बुडवून काढलेले पाय
थेट मातीत रोवून,
काडी नाही की काटकी नाही,
मान तिरकी करून चुन्याचे पोपडे उचलत होत्या.
टक्. थांबायचं. टक्.
डोक्यावर उंबर पिकून फुटलेला,
त्याच्याकडं एकीनंही ढुंकून पाहिलं नाही.

दंडावर डास बसला. बसू दिला.
एकीच्या चोचीला पांढरं लागलं होतं,
चोरून साय खाल्लेल्या पोरीगत.

तळेवाडीत सगुणा झोरे दारात आली नाही.
"झोपलीय," सासू म्हणाली, "ह्या दिवसांत झोपच येतीय की तिला."
आत गेले. कणगीमागं
ती भिंतीकडं तोंड करून बसलेली.
भिंतीला खळगा, लाडू मावेल एवढा,
काठ अजून ओलसर.
मला बघून हात पदराखाली गेला.
ओठ मात्र लपवता आले नाहीत.

"कधीपासनं?"
"काय नाही ओ, आक्का."
"कधीपासनं, विचारलं मी."
"शिमग्याच्या आधीपासनं." मग हसली.
"गोळीला वास नाही, आक्का. भिंतीला हाय."

रागवायला हवं होतं. ट्रेनिंगात शिकवलंय तसं:
जंत होतात, रक्त उतरतं, पोटातलं बारीक राहतं.
पण दुसऱ्या खेपेला मी स्वतः
थोरल्याच्या पाटीवरच्या पेन्सिली खाल्ल्यात,
आठवड्याला एक पुडा, न्हाणीत बसून, आवाज न करता,
आणि पेन्सिली हरवतोस म्हणून
त्यालाच फटके दिलेत.
तो आता हुबळीला असतो. अजून सांगितलेलं नाही.

वहीत वजनाला रकाना आहे, रक्तदाबाला आहे,
गोळ्या किती दिल्या, किती उरल्या, त्याला आहे.
डोहाळ्याला नाही.
गोळ्या मोजून दिल्या, एक समोर गिळायला लावली,
आणि का कोण जाणे, हरोळ्यांचं सांगितलं.
"पायात काडी नव्हती?" तिनं विचारलं.
"नव्हती."
बराच वेळ ती स्वतःच्या पायांकडं बघत राहिली.

परतताना नाक्याशी थांबले. पाखरं गेलेली.
भिंतीच्या तळाला चोचींचे टोचे, वीतभर उंचीपर्यंत.
सकाळी माझी नजर तिथंच अडली होती.
आता वर गेली. माझ्या कमरेशी, मग खांद्याशी,
नखांनी कोरलेले चार खळगे.
एकात कोळ्यानं जाळं केलेलं.
एक कोवळ्या बोटांचा, उथळ, भीतभीत.
एकाखाली भुगा इतका ताजा
की वाऱ्यानं अजून उचललेला नाही.

वही काढून तळेवाडीचं पान उघडलं.
नाव एकच आहे.