बिल्ला

माह्या छातीवर 'धीरज' लिहिलं हाय.
धीरज दिवाळीच्या आंधीच सोडून गेला,
बिल्ला ड्रॉवरमंधी पडून होता.
सर म्हणाले, तुझा येईपर्यंत हा लाव.
याले आठ महिने झाले.
गिऱ्हाईक वाचते,
मंग माह्याकडे पायते,
मंग पुन्हा वाचते.

माहं नाव आम्रपाली नगराळे.
'लांब आहे,' सर म्हणाले, 'बिल्ल्यावर मावत नाही.'

जामच्या फाट्याच्या अलीकडे, हैदराबाद रोडले
आमचं बर्गरचं दुकान हाय.
आठ महिन्यात हे चौथे सर, निनाद सर, नागपूरचे.
पहिल्याच दिवशी त्याईनं सांगतलं,
'काउंटरवर मले-तुले चालणार नाही.'
तवापासून मी गिऱ्हाइकाले 'आपल्याला' म्हणते
अन् जीभ चावते.

ड्युटी ग्रुपवर येते, रात्री पावणेबाराले.
'उद्या सकाळी सात. अंगठा दाखवा.'
आमच्या गावातून पहिली एसटी सव्वाआठची.
हे सराले तीनदा सांगतलं.
सर म्हणाले, 'मॅनेज कर.'
मी दुधाच्या गाडीत, कॅनाच्या मंधात बसून
मॅनेज करते.

तळणीचा काटा बिघडला हाय.
तेल कधी थंड, कधी एकदम भडकते.
'कंपनीला मेल टाकलाय.'
अंकुश झाडेचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलला,
तवा सर केबिनमधून धावत आले,
एका हातात टूथपेस्ट,
दुसऱ्या हातात रजिस्टर.
'लिही, घरी भाजलं.'
अंकुशनं डाव्या हातानं लिहिलं.
अक्षर लहान लेकरावाणी आलं.

कालच्या पानकोबीवर आजची चिठ्ठी लावाची,
ते काम माह्याकडे हाय.
मशीन छोटी, पांढरी.
वस्तू, तयार केल्याची वेळ, संपाची वेळ.
उरलेल्या आलूच्या काड्या मोजून फेकाच्या,
डब्यावर कॅमेरा हाय.
आम्ही भाकर खातो जनरेटरच्या मांगं, उभ्यानं.

त्या रविवारी वरातीच्या दोन बसा थांबल्या.
सराची केबिन आतून बंद.
फोनवर होते म्हणतात.
मंग माह्या तोंडून सारं मले-तुले सुटलं,
'अंकुश, पाव भाज! पौर्णिमा, तू पैशाइकडं बस!
बुढ्या मानसाईले आंधी पाणी दे वो!'
पाऊण तासात नव्वद पानं उठली.
सर बाहेर आले, केस नीट केले,
आमच्या पुढं उभं राहून फोटो काढला.
खाली लिहिलं, 'माझी टीम.'

महिन्याच्या शेवटी भिंतीवर चौकट लागली,
महिन्याचा उत्तम कर्मचारी.
फोटो माहा.
नाव, धीरज.
संगं दोनशे रुपयाचं कुपन,
याच दुकानात चालणारं.

आज सकाळी सातले पाच कमी होते,
दुकानात कोणीच नोयतं.
मी चिठ्ठीच्या मशीनवर आपलं नाव टाकलं.
तयार केल्याची वेळ टाकली.
संपाची वेळ टाकली नाई.
मशीन म्हणे, रकाना भरा.
मी भरला नाई. पिवळा दिवा लुकलुकत रायला,
चिठ्ठी काही निघाली नाई.

मंग कोरीच चिठ्ठी ओढून घेतली
अन् मार्करनं लिहिलं.
एका ओळीत मावलं.
जागाही उरली थोडी.

पहिलं गिऱ्हाईक आलं, ट्रकवाला.
त्यानं एकदाच वाचलं.
म्हणे, ताई, चहा भेटन का?

चहा नाई ठेवत, भाऊ, आम्ही.