रजिस्टर पाकीट

दिगंबर नाबराची पाकिटं मी तोलली आहेत.
वेंगुर्ले पोस्टात, त्रेपन्न ते सत्तावन्न,
कधी नऊ तोळे, कधी साडेअकरा,
एकदा इतकं जाड की सुतळीने बांधावं लागलं.
पत्ता एकच: मोघे, हिंदू कॉलनी, दादर.
पाठवणाऱ्याच्या जागी काही नाही.

गावात म्हणत, हा मुंबईत सिनेमात होता,
मोटार होती म्हणे,
आता काजूच्या कारखान्यात बायांची हजेरी मांडतो.
कुणी दारू म्हणालं, कुणी बाई.
बाई नव्हती. सुतार होते.
स्टुडिओत महाल ठोकणाऱ्या सुतारांनी
हातोडे खाली ठेवले,
तेव्हा हा बाकावर चढून त्यांच्या बाजूने बोलला.
आजवर दुसऱ्यांच्या तोंडी घातलेलं
पहिल्यांदाच आपल्या तोंडाने.
मग मालकांच्या यादीत नाव चढलं
आणि पडद्यावरून उतरलं.

हे त्याने सांगितलं एका आषाढात,
बोट बंद, टपाल आंबोलीच्या घाटात अडकलेलं,
काउंटरवर कोपर टेकून,
मधल्या पाच-सहा वाक्यांवर काट मारल्यासारखं.

त्याच वेळी द्वारका माझा डबा घेऊन आली.
आमचा गुरुनाथ बसऱ्याच्या आगबोटीवर,
सात महिने अक्षर नाही.
पत्र आलेलं नाही हे गावात सगळ्यात आधी
पोस्टमास्तरच्या बायकोला कळतं.
डबा ठेवत ती म्हणाली, कुणालाच नाही असं,
“पत्र नसलां तर नसांदे.
पण पोस्टमनान दारात वायच थांबाक होयां.”

नाबर तिच्याकडे बघत राहिला.
मग पावती उलटी करून
तिच्या पाठीवर पेन्सिलीने काही खरडलं.

दीड वर्षाने कॅम्पाच्या मैदानात तंबू लागला.
बायका कनातीच्या पलीकडे, आम्ही वाळूत.
पाट्या आल्या. कथा, संवाद: मोघे.
नाबर मागे खांबाला टेकून विडी ओढत होता,
मोघेंचं नाव येताना त्याने राख झाडली.

मध्यंतरानंतर नायिका, बनारसी शालूत,
जिथे आयुष्यात पोस्टमन चढला नसेल
अशा संगमरवरी जिन्यावर उभी राहून
हिंदीत म्हणाली, चिठ्ठी नसेना का,
डाकियाने दाराशी जरा थांबायचं तरी.
‘वायच’ गेलं होतं. बाकी सगळं होतं.
तंबूत कुणी खोकलं नाही.
मी कनातीकडे पाहिलं. कापड दिसलं.

येताना कंदील माझ्या हातात.
साकवापर्यंत ती बोलली नाही.
साकवावर म्हणाली,
“दोन आणे तरी देवक होये होते त्येणां.”
आणि हसली, मग पदर तोंडाला लावला,
किती वेळ, ते मी मोजलं नाही.

पुढचं पाकीट आलं ते दहा तोळ्यांचं.
रजिस्टरात मी विचारल्याशिवाय लिहिलं,
पाठवणार: दि. ना. नाबर, वेंगुर्ले.
त्याने उलटं वाचलं, काउंटरच्या त्या बाजूने.
काही बोलला नाही. सुटे पैसे मात्र
घ्यायला विसरला.

जुनी रजिस्टरं मुदत संपली की जाळायची, असा नियम.
साठ साली पोस्टामागे, फणसाखाली,
मीच जाळली, यादीवर सही करून.
द्वारका पलीकडे सुकट वाळवत होती.
धूर तिकडे गेला तशी ओरडली,
काय जाळतास मेले, वाऱ्याची बाजू तरी बघा.