कुठवर आलास

नोटीस मीच टाइप केली.
एक प्रत मराठीत, एक तेलुगूत,
आणि चिकटवली पंचिंगच्या खिडकीशेजारी,
जिथं पगाराच्या तारखा लागतात:
"गाडी चालू असताना चालकानं फोन घेऊ नये.
घेतल्यास पाचशे दंड."
संध्याकाळपर्यंत तिच्या कोपऱ्यावर
शेंगाचटणीचं एक बोट उमटलं होतं.

दंड चालकाला.
मी मात्र अक्कलकोट रोडच्या या टॉवेल कारखान्यात
कूलरच्या वाऱ्यात, डिस्पॅचच्या टेबलाशी,
आठ वर्षं एकच प्रश्न फिरवत बसलेली:
कुठवर आलास?
शेठ विचारायचे म्हणून. माग थांबलेत म्हणून.
कधी नुसतंच,
चहा यायला उशीर झाला म्हणून.

इरेश बिराजदार इचलकरंजीहून सूत घेऊन येत होता.
मे महिना, दुपारचे तीन,
तिऱ्ह्याच्या पुलाअलीकडे डांबर मऊ पडलेलं.
तो म्हणाला, "आलोच की मॅडम, हे काय, तिऱ्हे..."
पुढचंही मी ऐकलं,
पण ते शब्द नव्हते.

तो वाचला. मांडीत सळई आहे.
आता गेटवर बसतो,
फोर्कलिफ्टवाल्यांचे फोन काढून घेतो,
जुन्या कांड्यांच्या फळीत ओळीनं लावतो,
आणि मला रोज "नमस्कार मॅडम" म्हणतो.
पाचशे रुपये परवडले असते.

पोलिसांच्या कागदावर वेळ होती, नंबर होता,
बेचाळीस सेकंद.
नंबर कुणाचा,
ते कारखान्यात कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

मग एका सोमवारी नोटीस उतरवली,
दुसरी ओळ घातली, न विचारता:
"गाडी वाटेवर असताना ऑफिसातून फोन जाणार नाही."
शेठनी चष्मा कपाळावर चढवला.
"पार्टीला काय सांगायचं मग?"
"माहीत नाही, असं सांगायचं."
सही करताना त्यांचं पेन दोनदा थांबलं.

आता गाड्या कुठं आहेत, मला कळत नाही.
अंगठा अजून हिरव्या बटणाकडे जातो,
मी तो मुठीत धरून ठेवते.
पार्टी ओरडते. माग थांबतात. थांबू देत.

कधी साडेचारला फोन वाजतो:
"मॅडम, लिंबाखाली उभाय. इंजिन बंद हाय.
आता बोला."
आणि मला विचारायला काहीच नसतं.
ऊन फार आहे, म्हणते.
पाणी पी.