मलबा : निरंक

घरकुलाच्या हप्त्यांचे फोटो काढणं हे माझं काम.
जोता, लिंटेल, छत, पूर्ण.
मोबाइलला उपग्रह सापडेपर्यंत
उन्हात हात वर करून उभं राहणं, हेही.

रायवंता कुळमेथेच्या घरी मी तीनदा गेलो,
तिन्ही वेळा रकाना चुकला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा जुनं घर पाडणं चाललं होतं.
पाडणं कसलं, उतरवणंच ते.
शेजारी जेसीबी येऊन गेला होता, दहा मिनिटांत सपाट;
तो ढीग अजून बोडीच्या काठावर आहे,
विटांचे तुकडे, सिमेंटची फाटकी पोती,
आणि वरून बेशरम फुललेली.
हिच्याकडे एकेक कवेलू हातोहात खाली येत होतं.
दीर तानबा आढ्यावर, ही शिडीवर, पोरगी खाली.
पोरगी प्रत्येकावर बोटाने टिचकी मारायची,
खणकन वाजलं तर डावीकडे,
भद्द वाजलं तर उजवीकडे.
"उजवीकडच्यांचं काय?"
"कुटून टाकतो न्हाणीखाली, मुरमात."

भिंतींना तिने चार दिवस पाणी पाजलं.
मग तणस टाकून तीच माती तुडवली.
"आजेसासऱ्यानं तुडवली होती, सायेब.
अजून धरते."

दुसऱ्यांदा मी विटा मोजल्या.
अंदाजपत्रकात साडेनऊ हजार, इथे सात.
मनात आलं ते सांगत नाही.
तिला कळलं असावं.
तिने माझं बोट धरून भिंतीवर वाजवलं.
राखेच्या विटा, आडव्या नाही, कडेवर उभ्या,
आणि दोन विटांच्या मध्ये काहीच नाही.
चामोर्शीकडे एका दवाखान्याच्या कामावर
तीन वर्षं गिट्टी वाहता वाहता पाहून घेतलं म्हणाली.
"पोकळीले पैसे नाई लागत.
ऊन मातर तिथंच अडते."
पदविका घेतली त्या वर्षी हे जोडकाम
मला परीक्षेत आलं होतं. सहा गुणांना.
मी पर्यायी प्रश्न सोडवला होता.

तिसरी खेप मे महिन्यात. शेहेचाळीस.
गावभर स्लॅब तापलेले, खाटा रात्रीपासून बाहेरच.
हिच्या स्लॅबवर जुनी कवेलं उपडी मांडलेली,
खाली चार बोटं जागा, वारा ये-जा करील एवढी.
'छताचा प्रकार : कोणताही एक निवडा.'
मी आत जाऊन बसलो, निवडायला म्हणून,
आणि पाऊण तास उठलोच नाही.
पंखा दोनवर होता.
विजेचं बिल खिळ्याला टोचलेलं. एकेचाळीस युनिट.
मी दोनदा पाहिलं. कूलरही शोधला.

शेवटचं पान :
'जुन्या घराचा मलबा, ब्रासमध्ये.'
घराला फेरी मारली. मागे कोंबड्या,
आणि डबाभर वाकडे खिळे,
जे पोरगी दगडावर ठेवून सरळ करत होती.
मी शून्य लिहिलं.
ॲपने लाल अक्षरांत सांगितलं,
कृपया योग्य आकडा भरा.
पुन्हा शून्य. पुन्हा लाल.

तेव्हा बेसाचा माझा प्लॉट आठवला.
जुनी खोली पाडली त्या रात्री अकरा ट्रॅक्टर निघाले.
कुठे रिकामे झाले, मी विचारलं नव्हतं.
ठेकेदार म्हणाला, टेन्शन घेऊ नका साहेब,
आणि मी घेतलं नाही.

"अडलं काय?" तिने विचारलं.
"मलबा किती ते लिहायचं आहे."
"मंग लिवा ना टोपलंभर. तुमचं काम तं होईल."

शून्य पूर्णांक शून्य एक लिहिलं. हिरवी खूण आली.
फाईल मिटली, पाणी प्यालो, उठलो.
आंगण नुकतंच सारवलेलं, ओलं.
फाटकापर्यंत आलो तर मागून हाक,

"सायेब, बूट झाडा जरा.
नाई, रस्त्यावर नाई.
इथं. इकडं आतमंदी.
कामाची माती हाये."