साडेसहा

सोमवारी दुकान बंद. मशीनवर चादर टाकली,
टेप मात्र सवयीनं गळ्यातच राहिली,
आणि तसाच गेलो दस्तगीरकडं, गंगावेशीत,
सायकलच्या ट्यूबा टांगलेल्या,
त्यांच्या मागं कोपऱ्यात गळाच्या काठ्या,
प्रार्थनेला उभ्या पोरांसारख्या उंचीनं लावलेल्या.

"मरळीसाठी पायजे," म्हटलं. "केवढी घेऊ?"
"मास्तर, उभं कुठं ऱ्हाणार?"
उभं राहण्याचा काय संबंध, म्हटलं,
माझी उंची पाच फूट तीन, लिहून घे.
तो पंप मारता मारता हसला.
हवा चुकली.

तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय मी.
लांब झालं तर दुमडता येतं,
तोकडं पडलं तर बाप भांडायला येतो.
पोरगं वाढणार, म्हणून शिलाईत चार बोटं माया सोडायची.
मी नऊ फुटी घेतली.

नऊ फुटी मोपेडवर मावत नाही.
मागं बसलेल्या गुंडूनं ती भाल्यासारखी धरली,
कळंब्याच्या रस्त्यावर माणसं आपोआप बाजूला झाली.

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला बाभळी वाकलेल्या,
खाली जलपर्णीत ताटाएवढी मोकळी जागा,
काळं पाणी.
मरळ तिथंच असते. उघड्यावर येत नाही.
एक बुडबुडा सोडते,
घरात असल्याचं कळवते.
मी काठी मागं नेली. बाभळीनं धरली.
सोडवली, पुन्हा नेली,
पुन्हा धरली.
वर बघितलं तर फांदीवर आधीच्यांचा सगळा संसार:
दोरे, शिसं, एक लाल बूच,
एक रबरी बेडूक उन्हात टाचलेला.
माझ्यासारख्या किती जणांनी माया सोडली होती.
कात्री खिशात होतीच. दोरा कापला.
खाली आणखी एक बुडबुडा.

"अडीच फूट कापून दे," दस्तगीरला म्हटलं.
"बुडाकडनं का टोकाकडनं, तू ठरव."
त्यानं टोक जमिनीला टेकवून काठी जरा वाकवली.
"कापड न्हवं हे, मास्तर.
हिचा वाक बुडापासनं टोकापर्यंत एकच हाय.
कुठंबी कापा, उरंल ते दांडकं.
म्हशी वळा मग तिनं."
पंक्चरची पाटी पुढ्यात ओढून तो सांगत बसला:
रंकाळ्याच्या कठड्यासारखं पुढं मोकळं असंल तर नऊ,
गळ लांब जातो, लांबचा ढील एका हिसक्यात ओढून घेतो.
झाडाखाली, लव्हाळ्यात, साडेसहा.
काहिलीत बसून असाल तर सहासुद्धा पुरं.
आणि मूठ कोपराच्या फार मागं नको,
बरगडीत बसती,
रात्री बायको विचारती, कुणासंगं मारामारी केली.
"माप तुमचं घ्यायचं न्हाई.
डोक्यावरच्या फांदीचं घ्यायचं."

मी खरंच घेतलं.
पुढच्या सोमवारी गुंडूला खांद्यावर चढवून टेप सोडली:
फांदी ते चिखल, एकशे चार इंच.
वहीत लिहिलं, आठवीच्या हाफपॅंटींखाली:
बाभळ.

साडेसहा फुटी कडेनं नेली, नुसत्या मनगटानं,
आणि बेडूक फांदीखालून गेला
काजातून बटण जावं तसा.
पडला. दोन वर्तुळं. काही नाही.
मी नाक खाजवलं, आणि तेवढ्यात
जलपर्णी फाटली.
काठी वाकली, बुडापासनं टोकापर्यंत,
तो म्हणाला होता त्या एकाच वाकात.
चपटं डोकं वर आलं, सापासारखं,
माझ्याकडं बघितलं,
गिऱ्हाईक उधारी मागायच्या आधी बघतं तसं,
आणि गळ सुटला.
दोन किलोची असेल. गुंडू तीन म्हणतो.
त्याच्या आईला त्यानं चार सांगितली.

नऊ फुटी परसात आहे.
लीलावतीनं तिच्या टोकाला आकडा बांधलाय,
शेवग्याच्या शेंगा काढते.
वरच्या शेंगेपर्यंत पंधरा फूट, तिचा हात वर केला की सहा.
तिथं ती काठी
इंचभरही जास्त होत नाही.