गुलाबी थेंब

परिंच्यात, ओढ्याच्या अलीकडे
जैतून मुलाणीच्या सात शेळ्या :
बांडी, कोयती, मोरी, लंगडी,
दोन पाठी, आणि एक बिननावाची.
श्रावणात तीन गाभडल्या.
चौथ्या महिन्यात, एकीमागून एक,
कुणी आतून कडी काढत गेल्यासारख्या.

जैतूनबी म्हणाली, नजर.
शेजारी म्हणाला, घाणेरीचा पाला.
मी पशुसखी. माझ्याकडे निळी पिशवी,
जंताचं औषध, कात्री,
आणि लोकांना नको असलेले प्रश्न.

"वार कुठं टाकली?"
"एक कुत्र्यानं नेली.
दोन मीच उचलून टाकल्या उकिरड्यात."
हात पुढे करून दाखवला तिनं,
नखांच्या कडेला भाकरीचं पीठ.

मानेची शीर अंगठ्याखाली फुगवली.
बांडी बघत राहिली,
तिच्या आडव्या बाहुलीत मीही आडवीच असेन.
सात नळ्या, चिकटपट्टीवर नावं.
बिननावाचीला काय लिहू?
"साय लिहा," दारातून सून म्हणाली, आफरीन.
रक्त काढलं म्हणून तिला नाव मिळालं.

थर्मासात बर्फ, मांडीवर थर्मास,
सासवड, दिवे घाट, हडपसर, मग औंधची बस.
कंडक्टर म्हणाला, "कुल्फी काय?"
मी हो म्हणाले.

पांढरी थाळी. रक्तावरच्या निवळीचा एक थेंब,
शेजारी गुलाबी थेंब.
काडीनं मिसळून थाळी डोलवायची, सूप पाखडल्यासारखी,
चार मिनिटं.
निरोगीचा थेंब सरबत होऊन पडून राहतो.
पाच थेंब नासले.
दूध फाटावं तसे, कडेला गुलाबी कण्या.
साय त्यांत होती.

"उन्हापुढे त्याचं काही चालत नाही," डॉक्टर म्हणाले.
"ओल द्या, सावली द्या, लेंड्यांचा थर द्या,
महिनोन् महिने बसून राहील."

मला गोठा दिसला.
चिंचेखाली, वर नवा कोरा पत्रा,
चारी बाजूंनी पोती शिवलेली,
शेळ्यांना ऊन लागू नये म्हणून.

परत येऊन सांगितलं :
चुन्याची फक्की. दूध उकळूनच.
वारेला हात लावायचा नाही, खोल पुरायची.
पाचजणी वेगळ्या, आणि विकायच्या नाहीत.
नावही सांगितलं, ब्रुसेला.
जैतूनबीनं बुरशी ऐकलं.
नीरेच्या बाजारात कुणाला कळतंय, असं ती म्हणाली असती
तर मी समजून घेतलं असतं.
म्हणाली नाही.

आफरीन मात्र पुढे आली. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या.
"माघात माझंपण गेलं, चौथ्यातच.
तवापासनं सांजचा ताप येतो. उतरतो. येतो.
एक नळी माझीबी भरा."

सासू खाली बघू लागली.
त्या पोटाला ती वर्षभर जे जे बोलली होती
ते कुठं पुरायचं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

माणसाचं रक्त मला काढता येत नाही.
औषधाच्या पावतीमागे लिहिलं :
ससून. बाह्यरुग्ण विभाग.
घरी शेळ्या आहेत, हे आधी सांगणे.
खाली दोन रेघा.

सोमवारी गेले तर दोघी नव्हत्या,
पहाटेच्या गाडीनं गेलेल्या.
गोठ्याचा अर्धा पत्रा उचकटलेला,
खिळे डब्यात मोजून ठेवलेले.
वेगळ्या दाव्याला साय,
पाठीवर ऊन,
दोनदा शिंकली.